चपला पिशवीत ठेवणारी अंजनाबाई

आमच्या विहाराच्या पायरीवर चपलांचा ढीग पडतो आणि आजवर त्यातली एक चप्पल चोरीला गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तरी अंजनाबाई आपल्या चपला तिथे कधी काढायची नाही. दारात उभी राहून ती त्या एकमेकींवर आपटायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवीला गाठ मारायची आणि वंदना संपेपर्यंत मांडीशी घेऊन बसायची. मी एकदा म्हटलं, "बुद्धाच्या दारात कोण चोरते वं चपला?" तर म्हणाली, "बुद्ध नाही चोरत. बाकीच्यायचं काय सांगता येते?"

ती माझी भाडेकरू. उत्तर नागपुरात आमचं घर, घरामागे विहार, आणि मागची खोली मी भाड्याने देते. खोली बघायला आली तेव्हा तिने आधी विजेचं मीटर बघितलं, मग नळ सोडून पाणी खरंच येतं का ते बघितलं, मग विचारलं, "नंदिनीबाई, या कुलपाची दुसरी किल्ली कोणापाशी आहे?" माझ्यापाशी आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं कुलूप घेऊन आली. मला असा राग आला की हिला खोली द्यायचीच नाही असं मी ठरवलं होतं. पण घरात मी एकटी आणि ती एकटी, त्यामुळे ठरवलेलं ठरवण्यातच राहिलं.

पुढे कळलं की संशय घेणं हा बाईचा स्वभाव नंतर आणि नोकरी आधी होती. बुटीबोरीच्या एका कापडाच्या कारखान्यात ती फाटकावर होती. पाळी सुटली की कामगार बायकांची रांग लागायची आणि एकेकीच्या अंगावरून हात फिरवून तिला बाहेर सोडायचं, हे अंजनाबाईचं काम. कुणी कमरेला कापड गुंडाळलेलं असायचं, कुणी डब्यात वर पोळी खाली पोळी आणि मध्ये धाग्याचं रीळ घातलेलं. अनेक वर्षं उभं राहून तिचे पाय कामातून गेले होते, पण हात अजून जागेवर होते. भाजीची पिशवी माझ्याकडून घेतानासुद्धा तिचा हात आधी तळाशी जायचा.

"ज्या बाईनं सोताहून डबा उघडून दाखवला ना," ती मला सांगायची, "तिले मी दोनदा तपासत होती. जिच्या मनात काही नाही, ते बाई काहून उघडून दाखवन?"

आता सगळ्या वस्तीला माहीत आहे म्हणून सांगते. आमच्या विहारातले भंते संघपाल हे या अंजनाबाईच्या पोटचे. घरचं नाव अंकुश. त्याचे वडील सावनेरकडे कोळशाच्या खाणीत होते, ते गेल्यावर मायलेक बुटीबोरीला आले आणि अंकुशही त्याच कारखान्यात मशीनवर लागला. एका उन्हाळ्यात तो दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेला. आपल्याकडे पुष्कळ लोक जातात. डोकं भादरतात, चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र घालतात, दहा दिवस शील पाळतात आणि शेवटच्या दिवशी चीवर परत करून पँटशर्ट घालून घरी येतात. अंकुशने चीवर परत केलं नाही.

पुढे त्याची उपसंपदा झाली, म्हणजे तो पक्का भिक्खू झाला. त्या वेळी विचारतात, आईवडिलांची परवानगी आहे का? अंजनाबाईने परवानगी दिली होती. श्रद्धेने दिली असं मी म्हणणार नाही, कारण तीच म्हणत नाही. "मले वाटलं, एक वेळ जेवून किती दिवस काढन? भूक लागली की येईन घरी." तिचा संशय जन्मात एकदाच खोटा ठरला, आणि नेमका तिथेच ठरला.

काही वर्षांनी तो भंते संघपाल म्हणून आमच्या विहारात राहायला आला. नोकरी संपल्यावर तीही आली, माझ्या खोलीत. पण आपण भंतेंची आई आहोत हे तिने एका माणसाला सांगितलं नाही, आणि त्यालाही सांगू दिलं नाही. शब्द घेतला होता. कारण काय, तर तिच्या जुन्या वस्तीत एका भंतेंची बहीण उरलेली फळं घरी न्यायची, आणि लोक म्हणायचे की दान बुद्धाला आणि माल बहिणीला. "मी भाजी घेऊन जरी घरी गेली तरी लोक म्हणतीन, विहारातून आणली," असं तिचं म्हणणं. लोकांनी संशय घेऊ नये म्हणून तिने संशयाला जागाच अशी करून ठेवली की बघायलाच नको.

भिक्खू झाल्यावर तो तिला आई म्हणत नव्हता. भिक्खू साऱ्याच बायांना उपासिका म्हणतात, तशी तीही उपासिका. त्याच्यासमोर ती वाकायची, खाली बसायची, भोजनदानाची पाळी आली की सगळ्यांसारखा डबा घेऊन जायची आणि त्याच्या पात्रात वाढून हात जोडून बाजूला व्हायची. एवढं मात्र होतं की संध्याकाळी चारच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. दाराला कडी घालून ती तो घ्यायची. मला वाटायचं गावाकडचं कुणी असेल.

विहाराच्या मागे बोधिवृक्षाचा पार आहे. तिथे बसून भंते बोलायचे. एक दिवस चारच्या सुमाराला शामला झाडू घेऊन तिकडे गेली आणि तिच्या कानावर पडलं, "उपासिका, जेवलात का? पाय दुखून राहिले का अजून? मग मलम काहून नाही लावलं?"

शामला म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष गणपतराव यांची बायको. तिच्या कानावर पडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीच्या आत वस्तीभर होते. भिक्खूला कुणा बाईच्या पायांची काय पडली आहे, या एका प्रश्नावर वस्तीने आठवडा काढला. जिचे पाय दुखतात अशी बाई शोधायची ठरली असती तर आम्ही सगळ्याच सापडलो असतो. पण लोक तरुण पाय शोधत होते. विहाराशेजारी दिपाली राहते, दवाखान्यात नर्स आहे, नवरा पुण्याला. ती दिवसभर उभी असते आणि चारला घरी येते. झालं. दोन दिवसांत दिपाली विहारात यायची बंद झाली आणि तिच्या सासूने माझ्याशी बोलणं सोडलं, जणू मीच झाडू घेऊन गेले होते.

मी हे सगळं अंजनाबाईला सांगितलं. म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. "असन काहीतरी," म्हणाली. "पाहून घ्या म्हणा बरोबर." मला तेव्हा एवढंच वाटलं की संशयाच्या बाबतीत हिच्यासारखी जाणकार नाही, ही म्हणते तर असेलही.

इकडे गणपतराव पेटले होते. माणूस खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, साधा, पण हाती अध्यक्षपद आल्यापासून कुठे काही बिघडलं की आधी स्विच बंद करायचा हे त्यांचं धोरण. ते म्हणाले, "चीवर उतरवा. बाकी मंग पाहू."

हा शब्द आमच्याकडे फार वाईट. भिक्खू आपल्या मनाने संसारात परत आला तर आम्ही म्हणतो, त्याने चीवर परत केलं. त्यात लाज नाही, पुष्कळांनी केलं आहे, त्यांची लग्नं होतात, मुलं होतात. पण काढून घेतलं तर म्हणतो, चीवर उतरवलं. वस्तीच्या तोंडावर प्रेस करणारा देवाजी आहे. त्याचं चीवर उतरवलं त्याला इतका काळ लोटला की कशासाठी उतरवलं ते कुणालाच आठवत नाही. तरी पोरंसोरंसुद्धा त्याला उतरवलेला देवाजी म्हणतात. दिलेला सदरा चांगला कडक करून देतो, पण त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही.

अंजनाबाई त्या दिवसांत देवाजीकडे जाऊन बसली होती. बाईच्या घरात दोन सुती पातळं, प्रेस कधी लागत नाही, तरी एक घेऊन गेली. नंतर देवाजीनेच मला सांगितलं की तिने विचारलं, "घरी परत गेले तं मायले बरं वाटलं असन ना?" आणि तो म्हणाला, "बरं वाटलं ना. दोन दिस गोडधोड केलं तिनं. मंग लोकायचं ऐकून ऐकून नळावर जाणं सोडलं. मी घरी आलो आन् माय घराबाहेर निघाची बंद झाली." पातळ तसंच न प्रेस करता घेऊन ती परत आली.

ती काय मोजमाप करत होती ते आता मला दिसतं. एक वाक्य बोललं की भंते सुटणार होते. आणि गप्प बसलं की अंकुश घरी येणार होता. म्हातारपणी, पायांनी दगा दिलेला असताना, मागच्या खोलीत मुलगा येऊन राहणार, डाळभात दोन्ही वेळ जेवणार, लग्नसुद्धा होईल. मला तिचा राग येतो, आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मला सांगता येत नाही.

रविवारी वंदनेनंतर बैठक भरली. गणपतरावांनी थोरल्या भंतेंना बोलावून आणलं होतं, म्हणजे संघपाल भंतेंची ज्यांच्या हातून उपसंपदा झाली त्यांना. थकलेले, काठी टेकत आलेले, बसल्यावर बराच वेळ सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिले. अंजनाबाई खांबापाशी बसली होती, मांडीशी पिशवी घेऊन. दिपाली आली नव्हती, पण तिची सासू आली होती.

गणपतरावांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "समितीनं ठरवलं आहे, भंतेजी. चीवर उतरवाचं."

"चीवर तुम्ही दिलं होतं का, गणपतराव?" थोरल्या भंतेंनी विचारलं. "दान तुम्ही दिलं, पण अंगावर संघाने घातलं. ते संघच काढू शकतो. तुम्ही फार तर यांना विहारातून जा म्हणा." मग ते संघपाल भंतेंकडे वळले. "ती उपासिका कोण?"

"सांगता येणार नाही, भंते. मी शब्द दिला आहे."

"दोष घडला?"

"नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. शब्द दिला आहे, हे ऐकून शामलाने माझ्याकडे असं बघितलं की आता आणखी काय पुरावा पाहिजे. संघपाल भंते खाली बघत होते. खांबाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

थोरले भंते म्हणाले, "संघात निर्णय करायची एक रीत आहे. प्रस्ताव तीनदा सांगतात. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहायचं, ज्याला मान्य नाही त्याने बोलायचं. गप्प राहणं म्हणजे होकार. हे संघकर्म नाही, म्हणजे संघाचा निर्णय नाही, पण तुमचं मन मला कळलं पाहिजे, म्हणून मी तुम्हाला तसंच विचारतो. मग संघाला कळवतो." आणि ते सावकाश म्हणाले, "भंते संघपाल यांचं चीवर उतरवावं असं या वस्तीचं म्हणणं आहे. ज्याला मान्य नाही त्याने बोलावं."

कुणी बोललं नाही. मीही नाही. मला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीत पडायची मला हौस नाही. दुसऱ्यांदा त्यांनी तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं. माझ्या शेजारी प्लास्टिकची पिशवी चुरचुरायला लागली. अंजनाबाई तिची गाठ सोडत होती आणि परत मारत होती.

तिसऱ्यांदा थोरले भंते म्हणाले, "भंते संघपाल यांचं चीवर उतरवावं..."

"मले नाही मान्य," अंजनाबाई म्हणाली. मग धरून धरून उभी राहिली. "ते बाई मी आहो. त्यायची माय आहो मी."

पुढचं ऐकून तिचं नशीब मला कळलं. कुणी विश्वासच ठेवला नाही. गणपतराव म्हणाले, "बाई, तुम्हाले दया आली हे समजते, पण बुद्धासमोर खोटं बोलू नका." शामला म्हणाली, "माय होती तं इतके दिवस काहून नाही बोलली? दिपालीचं नाव झालं तवाही काहून गप होती?" मागून कुणीतरी म्हणालं, दिपालीनेच हिला शिकवून पाठवलं असेल. बायकांच्या कमरेवरून हात फिरवत जिने आयुष्य काढलं, तिच्याकडे सगळा हॉल तिच्याच डोळ्यांनी बघत होता.

तिने पिशवीतून फोन काढला आणि जमिनीवर ठेवला. "लावा फोन. त्यायच्या फोनवरून लावा."

लावला. तिच्या पायाशी वाजला. "वाजला म्हणजे बोलते एवढं कळलं," शामला म्हणाली. "माय आहे हे कुठं कळलं?"

तेव्हा थोरले भंते म्हणाले, "ते मला माहीत आहे. उपसंपदेच्या दिवशी मी यांना विचारलं होतं, आईची परवानगी आहे का. हे हो म्हणाले. मग मी वळून आईला विचारलं. आई खांबापाशी उभी होती आणि तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत चपला होत्या. आज आत आलो तेव्हाच बघितल्या."

म्हणजे म्हाताऱ्याने आल्या आल्या ओळखलं होतं आणि तीनदा विचारेपर्यंत गप्प राहिला. मला त्यांचा रागच आला. त्यांनी तो बघितला की काय कोण जाणे, पण पुढे माझ्याकडे बघूनच ते बोलले. "मी सांगून उपयोग नव्हता. परवानगी तिने दिली होती, म्हणून बोलायचंही तिनेच." मग तिला म्हणाले, "उपासिका, ती परवानगी आज परत घ्यायची आहे का?"

"घ्याची होती, भंतेजी," अंजनाबाई म्हणाली. "म्हणूनच गप होती मी. यायनं याचं चीवर उतरवलं तं पोरगं घरी येईन, असंच वाटलं मले. दिपाली पोरीचं नाव झालं, तेही होऊ दिलं."

"आणि आता?"

"आता नाही. मले लेकरू पाहिजे, उतरवलेलं नाही पाहिजे. त्यानं सोताच्या हातानं परत देल्लं, तं याच दारात घ्याले उभी राहीन."

संघपाल भंतेंनी वर बघितलं नाही. ते उठले, थोरल्या भंतेंना वंदन केलं आणि पाराकडे निघून गेले. बैठक कशी संपली ते कुणालाच नीट आठवत नाही. चीवर राहिलं. दिपालीची माफी मात्र कुणी मागितली नाही. अंजनाबाई एकटी तिच्या दारात जाऊन आली. दार उघडलं नाही, तरी ती बराच वेळ बाहेर बसली होती.

त्यानंतर चारला फोन येईना. ती माझ्या व्हरांड्यात फोन मांडीवर ठेवून बसायची आणि चार वाजून गेले की आत जायची. मी चहा करून देत होते, दुसरं मला काय करता येणार? तिने एकदा विचारलं, "माझ्यावर विश्वास राहिला नसन ना त्याचा?" मी एवढं म्हटलं, "फोनमध्ये रेंज नसेल." तिने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतेय हे तिला कळणार नाही असं होतं का?

आणि ज्याला ती इतकी वर्षं भीत होती तेही सुरू झालं. दोन केळी घेऊन आली तरी लोक विहाराच्या दिशेने बघायचे. भंतेजीची माय, तिले काय कमी, असं नळावर मी माझ्या कानाने ऐकलं आणि मी त्या बाईला असं बोलले की ती आता दुसऱ्या नळावर जाते.

मग तिची भोजनदानाची पाळी आली. जाऊ की नको करत होती, मीच बरोबर गेले. तिने वरण, भात, पोळ्या आणि सांबारवडी, म्हणजे कोथिंबीरवडी, केली होती. सांबारवडी अंकुशला आवडायची, पण आवडीचं म्हणून नाही केली, कोथिंबीर स्वस्त होती, असं तिने न विचारता मला सांगितलं. भंतेंनी खाली बघत जेवण घेतलं, दान देणाऱ्यांसाठी म्हणायच्या गाथा म्हटल्या, सगळ्यांना म्हणतात तशाच. ती वाकली, भांडी गोळा केली आणि आम्ही निघालो.

दारात शामला आणि आणखी दोघी उभ्या होत्या. तिघींच्या नजरा डब्यावर गेल्या, आणि ती नजर अंजनाबाईपेक्षा कुणाला जास्त कळणार? ती थांबली. डबा खाली ठेवला, एकेक पुडा काढला, झाकण उघडलं, रिकामा पुडा उलटा करून दाखवला. मग पिशवीची गाठ सोडली, चपला बाहेर काढल्या आणि पिशवी उलटी करून झटकली. मला तिचंच वाक्य आठवलं. न सांगता डबा उघडणारीला ती दोनदा तपासायची.

"अवं अंजनाबाई, आम्ही काही म्हटलं का?" शामला म्हणाली. पण बघून झाल्यावर म्हणाली.

"पाहून घ्या," अंजनाबाई म्हणाली. "मंग मनात नको राहाले." आणि शेवटचा पुडा उघडायला लागली.

तेवढ्यात मागे हॉलच्या दारात संघपाल भंते येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते मला माहीत नाही. त्यांनी आधी शामलाकडे बघितलं, मग खाली मांडलेल्या पुड्यांकडे, मग चपलांकडे. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"माय, झाकण लाव."

शामला बाजूला झाली. अंजनाबाई पुडे एकावर एक चढवायला लागली, पण नजर हॉलच्या दाराकडे होती आणि एकही पुडा बसेना. म्हणून मी खाली बसले आणि झाकण लावून दिलं.